ज्याचं त्यानेच म्हणायचं

४ फेब्रुवारी

अण्णा,

गुडघा कसा आहे ते आधी लिहा, मग या पत्राबद्दल रागवा. फोन केला असता, पण मागच्या वेळी मी "तब्येत कशी आहे" विचारलं आणि तुम्ही "साडेचार वाजले" म्हणालात. तेव्हापासून दादाच्या फोनवर तुमच्याशी बोलायचं मी सोडलंय. जन्मभर विटांवर हातोडी मारून कान घालवलेत, आता डोळे शाबूत आहेत तोवर वाचा.

काम मोठं मिळालंय. कारखान्याचं जुनं विटांचं धुराडं, दीडशे फूट. खालपासून टोकापर्यंत सहा लोखंडी पट्ट्या आवळलेल्या आहेत. त्यांचा गंज खरवडायचा, बोल्ट घट्ट करायचे, रंग द्यायचा. वर हे आणि लंबू, दोघं दोन फळ्यांवर लटकलेले. खाली मी, दोर आणि शिट्टी. तुम्ही घालून दिलीत तीच पद्धत.

आता मुद्द्याचं. यांचं काहीतरी बिनसलंय. गाठ मारतात, सोडतात, पुन्हा मारतात. वर जाताना गुणगुणायची सवय होती, इतकं बेसूर की लंबू कानात कापूस घालायचा. ते बंद झालंय. मंगळवारी दुसऱ्या पट्टीपाशी अकरा मिनिटं नुसते बसून होते. मी घड्याळ लावून मोजली. हातातल्या ब्रशवरचा रंग वाळून गेला. खाली आल्यावर म्हणाले, "वर वारा फार होता." अण्णा, माझ्या कपाळावरची बटसुद्धा हलली नव्हती.

आपला तो शब्द मी इथे लिहीत नाही. ज्याचा त्यानेच म्हणायचा, दुसऱ्याने त्याच्याबद्दल म्हणायचा नाही, हा तुमच्या टोळीचा नियम मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ऐकतेय. म्हणून विचारते. बायकोला सूट आहे का?

तुमची थोरली

१० फेब्रुवारी

पोरी,

गुडघा गुडघ्याच्या जागी आहे. बायकोला सूट नाही. सासऱ्याला नाही, मुकादमाला नाही, देवाला विचारलं नाही पण त्यालाही नसावी.

शब्द लिहायला एवढी काय बिचकतेस? कचरणं. लिहिल्याने काही होत नाही, लावल्याने होतं. नीट समजून घे, कारण तू दोन-तीन गोष्टींची खिचडी करतेयस. बिचकणं म्हणजे पक्षी अंगावर आला, कप्पी कुरकुरली, माणूस दचकला आणि पुढच्या श्वासाला सावरला. ते रोजचं. घाबरणं तर पाहिजेच. जो घाबरत नाही त्याला मी कधी फळीवर बसू दिलं नाही. कचरणं वेगळं. गाठ आपणच मारलेली असते, डोळ्यांना दिसत असते, ओढून पाहिली तर पक्की असते, आणि तरी आपला आपल्या हातावर विश्वास बसत नाही. बाहेर काहीच बिघडलेलं नसतं. म्हणून ते बाहेरच्याला दिसत नाही, आणि म्हणून ते त्याचं त्यानेच म्हणायचं.

"मी कचरलो." आपल्यात हा शब्द एवढाच चालतो. "तू कचरलास", "तो कचरला" हे आपल्यात नाही. वर बसलेल्याला खालून कोणी तसं म्हटलं, तर नसला तरी कचरेल. जो स्वतः म्हणतो तो खाली येतो, त्याला कोणी कारण विचारत नाही, चिडवत नाही. त्या कामावर तो परत येत नाही, पुढच्या कामाला ताठ मानेनं येतो. माझ्या वस्तादांच्या काळापासून हे असंच चालत आलंय आणि त्यानेच माणसं टिकली.

माझं ऐकशील तर जावईबापूंना काही झालेलं नाही. घाबरलीयस ती तू. मोठं काम बघून तुझा जीव खालीवर होतोय. रात्रीची झोप पुरी घे आणि माणसाला अकरा मिनिटं स्वस्थ बसू दे.

अण्णा

१६ फेब्रुवारी

अण्णा,

झोप पुरी घेतली. आता पुढचं ऐका.

शनिवारी तिसऱ्या पट्टीवरून यांच्या हातातला पाना सुटला. लंबूच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून गेला आणि माझ्यासमोर मातीत मुठीपर्यंत रुतला. पाना मनगटाला बांधल्याशिवाय हे कधी बोल्टला हात लावत नाहीत, तुम्हीच शिकवलंय. त्या दिवशी बांधला नव्हता. का, तर बांधलेली गाठ चार वेळा सोडून पाहिली आणि पाचव्यांदा मारायचीच राहिली. हे मी खालून पाहत होते. लंबू खाली आला, पाना उपसला, पुसला, दोरीला बांधून वर पाठवला. माझ्याकडे फक्त पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. तुमच्या नियमाने आम्हा सगळ्यांच्या तोंडाला कुलूप आहे, आणि किल्ली वर एकट्याच्या खिशात.

मी आडून विचारून पाहिलं. जेवताना म्हटलं, कंटाळा आला असेल तर थोडे दिवस घरी बसा, लंबू आणि मी बघतो. हे म्हणाले, "मी घरी बसलो तर तू मला भांडी घासायला लावशील." आणि हसले. हसताना हातातली वाटी ताटावर वाजत होती. टकटक, टकटक. आम्ही दोघंही ती वाजत नाही असं धरून जेवलो.

मला मेली एक गोष्ट सारखी आठवतेय. शिट्टीकाका गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते. तुमच्या जोडीला पंधरा वर्षं वर बसलेला माणूस, मला दोन बोटांनी शिट्टी मारायला शिकवलं, आणि त्यांचीच शिट्टी माझ्या गळ्यात आहे. सगळे म्हणतात पाय घसरला. अण्णा, ते म्हणाले होते का तो शब्द? की त्यांच्याबद्दलही सगळे असेच जमिनीकडे बघत उभे होते?

थोरली

२१ फेब्रुवारी

पोरी,

जुनं उकरून काढू नकोस. पाय घसरला होता, इतकंच.

माझा जुना कमरेचा पट्टा दादाबरोबर पाठवतोय. त्याची कडी नव्या पट्ट्यांपेक्षा चांगली आहे. जावईबापूंना दे. इथे दोन दिवस पाणी नव्हतं. नातवाला दात आलाय.

अण्णा

२८ फेब्रुवारी

अण्णा,

पट्टा मिळाला. त्याची कडी खरंच चांगली आहे. त्या कडीचंच सांगायला बसलेय.

काल चौथी पट्टी. फळी सरकवायची म्हणून यांनी कमरेची कडी एका दोरातून काढली. दुसऱ्या दोरात अडकवायला एक क्षण लागतो, तुम्हाला सांगायला नको. हे कडी हातात धरून बसले. ती कशातच अडकवलेली नव्हती. नव्वद फुटांवर माणूस, हातात मोकळी कडी, आणि तिच्याकडे असे बघत होते जणू ही कशाची आहे ते आठवत नाही. मी वीसपर्यंत मोजलं. एकदम हाक मारली तर दचकतील, शिट्टीची कानाला सवय आहे. शब्द म्हणायला बंदी. मग मला जे सुचलं ते मी केलं.

सगळ्यांनी खाली यायच्या त्या तीन लांब शिट्ट्या मारल्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "मी कचरले."

खोटं बोलले असं समजू नका. दोर धरलेले माझे हात तेव्हा माझे नव्हतेच. पण मी ते त्यांच्यासाठी म्हटलं, हेही खरं. यांनी कडी अडकवली आणि नियमाने दोघंही खाली आले. कोणी काही विचारलं नाही. यांचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. शाळा अचानक सुटल्यावर पोरांचा होतो तसा. मला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, म्हणाले, "होतं असं. मीही..." आणि थांबले. "मीही"च्या पुढे काही आलं नाही. दोर गुंडाळायला लागले.

वाटलं होतं, एकदा मी म्हटलं की वाट मोकळी होईल. झालं भलतंच. आता नियमाने मी या कामावर नाही. माझ्या जागी कारखान्याचा गार्ड दोर धरतो. बिचारा चांगला आहे, पण गेटकडे तोंड करून बसतो, कारण त्याची नोकरी गेटची. आणि मी घरात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून धुराड्याचं टोक दिसतं, माणूस दिसत नाही. अतिशहाणपणा केला आणि त्यांच्यावर असलेली एकुलती एक नजर काढून घेतली. घरी हेच मला धीर देतात. शेजारीण विचारायला आली तर म्हणाले, हिला जरा विश्रांती हवीय.

थोरली

६ मार्च

पोरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. दादाने विचारलं काय झालं, मी सांगितलं डोळ्यात काहीतरी गेलं.

तू शिट्टीकाकाचं विचारलंस आणि मी नातवाचा दात लिहून पाठवला. आता लिहितो.

तो नियम वस्तादांचा नाही. वस्ताद तर उठताबसता सगळ्यांना म्हणायचे, अरे तू कचरलायस, ऊठ, घरी जा. माणसं शिव्या खाऊन घरी जायची आणि दुसऱ्या दिवशी जिवंत परत यायची. नियम माझा. शिट्टीकाका गेल्यावर महिन्याभराने मी केला.

पाण्याच्या टाकीचं काम होतं. तीन आठवडे माझं तुझ्या नवऱ्यासारखंच चाललं होतं. गाठी मारायच्या, सोडायच्या. शिट्टीकाका माझ्या बाजूच्या फळीवर. त्याला दिसत होतं. एके दिवशी सगळ्यांच्या देखत म्हणाला, "तू कचरलायस, खाली उतर." मला झोंबलं. मुकादम मी, आणि हा मला सांगतो. त्याला दाखवायला म्हणून ठरलं होतं त्याहून वर गेलो, पार टाकीच्या कडेपर्यंत. तिथे हातपाय गार पडले. खाली येता येईना, वर जाता येईना. तो मला आणायला वर आला. माझी कडी सुटलेली होती. त्याने आधी माझी अडकवली. आपली अडकवायच्या आत गेला.

खाली आल्यावर लोकांनी विचारलं. मी म्हटलं पाय घसरला. त्याच्या बायकोलाही तेच सांगितलं. मग नियम काढला की कोणी कोणाबद्दल तो शब्द म्हणायचा नाही. लोकांना वाटलं, किती मान ठेवतो माणसाचा. मला एवढंच हवं होतं की मला तसं कोणी पुन्हा म्हणू नये. त्या नियमाआड तोंड लपवून मी बसलो आणि तुम्हा पोरांना तो धर्म म्हणून शिकवला.

आता नियम मोडला असं समज. माझं नाव सांग. हे पत्र त्याच्या हातात दे आणि स्वच्छ सांग.

अण्णा

१२ मार्च

अण्णा,

दिलं. सांगितलं.

रविवारी सकाळी दोघंच घरात होतो. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मी समोर बसून म्हटलं, "तुम्ही कचरलात. गेले दोन महिने मी बघतेय. उद्यापासून जाऊ नका." जन्मात पहिल्यांदा तो शब्द मी दुसऱ्याला लावला.

ते चिडले नाहीत, तेच वाईट. पत्राची घडी घातली, माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "अण्णांचं वय झालंय." मग म्हणाले, "आणि चार पानं लिहिलीत त्यांनी. हातपाय गार पडले म्हणतात, येता येईना जाता येईना म्हणतात. तो शब्द स्वतःला कुठे लावलाय? दाखव."

मी सगळं पत्र शोधलं अण्णा. खरंच नाहीये.

सोमवारी अर्धा तास आधी घरातून निघाले. लंबू संध्याकाळी सांगून गेला. पाचव्या पट्टीवर सरळ चढले, गाठ एकदाच मारली, ओढूनसुद्धा पाहिली नाही, आणि दिवसभर गुणगुणत होते. लंबू म्हणाला, "वहिनी, ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला." तुम्ही त्या दिवशी टाकीच्या कडेवर गेलात, तसेच हे मला दाखवायला जातायत. न बोलून पाना पडला, बोलून हे झालं. तुमचा नियम पाळला तरी हरले आणि मोडला तरी हरले. आता काय करू ते तुम्हीच सांगा, कारण मला खरंच कळत नाही.

थोरली

१५ मार्च

अण्णा,

हे पत्र कारखान्याच्या गेटवर बसून, गार्डच्या पेनने लिहितोय. घरी लिहिलं तर ती विचारेल. वारा सुटलाय म्हणून काम बंद आहे. या वेळी खरंच सुटलाय.

तुमचं वय झालं असं मी म्हणालो, ते तिने तुम्हाला कळवलं असेलच. माफ करा.

गेल्या पावसाळ्यानंतर सुरू झालं. कारण काही नाही. कोणी पडलं नाही, काही तुटलं नाही. एक दिवस गाठ मारली आणि वाटलं, ही मी मारलीय, म्हणजे सुटणार. तेव्हापासून सगळ्याच गाठी तशा वाटतात. बुटाच्या नाडीचीसुद्धा.

शब्द तोंडाशी येतो. ती खाली होती तेव्हा रोज वाटायचं, आज म्हणू. खाली बघायचो, ती मान वर करून बघत असायची, आणि वाटायचं उद्या म्हणू. मग तिनेच म्हटलं. मी समजलो ती कशासाठी म्हणाली ते. इतका मूर्ख नाही. पण एका घरातून दोघं कसे म्हणणार? मी हसलो आणि तिला पाणी दिलं. त्या पाण्याची मला अजून लाज वाटते.

आता खाली गार्ड आहे. त्याला वरून ओरडून सांगितलं तर तो म्हणेल, "काय? बादली पाठवू?"

एकच विचारायचं होतं. तो शब्द वरूनच म्हणावा लागतो का? कागदावर लिहिलेला चालतो का? चालत असेल तर कळवा. तोवर लिहीत नाही. एक पट्टी राहिलीय, सगळ्यात वरची. वारा पडला की.

तुमचा जावई

२० मार्च

बाळा,

कामावर तुला अरेतुरे करत आलो, घरात अहो. हे पत्र कामाचं आहे.

कागदावर चालतो. नियम माझा होता, तेव्हा काय चालतं ते मीच सांगणार. उशिरा लिहिलेलाही चालतो. तू बरोबर पकडलंस. चार पानं लिहून मी तो शब्द चुकवून गेलो, आणि चुकवला हे मलाही तुझ्यामुळे कळलं. तर हे घे.

मी कचरलो होतो.

एकतीस वर्षं लागली. हेच शिट्टीकाकाच्या बायकोलाही आज वेगळ्या पाकिटात लिहून पाठवलंय. ती काय म्हणेल माहीत नाही. काही म्हणणार नाही कदाचित, तिचा तेवढा हक्क आहे.

तुला मी आता सांगत नाही की तू कचरलास. ते सांगायची माझी लायकी नाही, आणि सांगून काय होतं ते दोनदा पाहिलं. एकच सांगतो. त्या कामावर परत यायचं नाही हा नियमही मी रद्द केला. तिला खाली उभी राहू दे. गार्डला गेट सांभाळू दे.

दादा रोज तुमच्या घरी फोन लावून माझ्या कानाला धरतो. मला नुसती घरघर ऐकू येते. तरी मी धरून बसतो.

अण्णा

२६ मार्च

अण्णा,

तुमचं पत्र दुपारी आलं. यांच्या नावाचं म्हणून मी फोडलं नाही. यांनी वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे दिलं. त्या ओळीत तुमचं अक्षर किती वाकडं झालंय. मी खूप रडले. तुमच्यासाठी, शिट्टीकाकांसाठी, कोणाकोणासाठी ते मलाही नीट सांगता येणार नाही.

मग हे म्हणाले, "एक कागद दे." दिला. म्हणाले, "रेघांचा दे." रेघांचा दिला. पेन चालेना म्हणाले, दुसरं दिलं. तेही झटकून पाहिलं, चालत होतं. आता तास होऊन गेला. कागद तसाच आहे. मी मध्ये भाजी निवडली, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. वळून पाहिलं नाही. घाई केली असं वाटायला नको.

वारा पडलाय. पान हलत नाही. लंबू दारातून विचारून गेला, "उद्या आठला ना?" हे म्हणाले, "हो."

उद्या मी खाली असेन. दोर माझ्या हातात, शिट्टी गळ्यात. कडी मोकळी दिसली तर शिट्टी मारीन, ओरडेन, जे सुचेल ते करीन. पण दीडशे फुटांवरची कडी मला इथून अडकवता येत नाही अण्णा. तुम्हाला तिथून येत नाही. लंबूला शेजारच्या फळीवरून येत नाही. ती त्यांच्याच हातात असणार.

रेघांच्या कागदावर ते एकटे पडल्यासारखे वाटतात. म्हणून मी हे माझं पत्र उचलून त्यांच्यासमोर ठेवतेय. माझ्या सहीखाली अर्धं पान मोकळं सोडलंय. सकाळी सातला पाकीट बंद करीन. त्यांनी लिहिलं असेल तर त्यांच्या अक्षरात तुम्हाला दिसेल, आणि मग आम्ही दोघं घरी असू. लिहिलं नसेल तर पान कोरं असेल, आणि आम्ही धुराड्यापाशी असू. कोरं असलं तरी तसंच पाठवीन. काही विचारू नका.

तुमची थोरली